गाडी म्हणत होती बल्ब गेलाय

नवऱ्याशी बोलताना मी अहो-जाहो करते, आमच्या घरात तशीच रीत आहे. इथे लिहिताना मात्र एकेरीतच लिहिणार आहे, कारण जे झालं ते मला एकेरीतच आठवतं.

आम्ही उज्जैनचे मराठी. सासरे रेल्वेच्या नोकरीमुळे इकडे आले आणि मग कोणी वापस गेलंच नाही. नवरा बँकेत आहे. मी सरकारी शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. शाळा बडनगर रस्त्याला, आतल्या एका गावात होती. आधी मी नानाखेड्याहून टेम्पोने देवास गेटला जायचे, तिथून बस पकडायची, आणि बस फाट्यावर सोडायची तिथून गावापर्यंत पायी. पाच वर्षं असं केल्यावर गाडी घेतली.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली होती, त्यांचीच ती गाडी. परदेशी बनावटीची, राखाडी रंगाची, बरीच जुनी पण नीट ठेवलेली. पैसे बहुतेक माझे होते. कागद मात्र नवऱ्याच्या नावावर झाले, कारण आरटीओच्या चकरा त्याने मारल्या. मीही म्हटलं, काय फरक पडतो.

पहिल्याच हिवाळ्यात गाडीचे दिवे किती मंद आहेत ते कळलं. बोर्डाच्या मुलांचे जादा तास घेऊन निघेपर्यंत दिवस मावळायला आलेला असायचा, आणि त्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा असणं ही चैन आहे. एका संध्याकाळी भुसा भरलेली ट्रॉली रस्त्याच्या मधोमध उभी होती. मला ती दिसली तेव्हा ती अगदी पुढ्यात आली होती. ब्रेक दाबला, गाडी आडवी होत ट्रॉलीपासून हातभरावर थांबली. ट्रॉलीच्या दांड्यावर एक माणूस बिडी ओढत बसला होता. त्याने मान वळवून शांतपणे विचारलं, "दिखा नहीं क्या, मैडम?"

घरी आल्या आल्या मी नवऱ्याला सांगितलं.

"हळू चालवत जा," तो म्हणाला.

"हळूच चालवत होते."

"मग अजून हळू."

दुसऱ्या दिवशी मी त्याला न विचारता देवास गेटजवळच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले आणि पुढच्या दोन्ही दिव्यांत एलईडी बसवून घेतले. दुकानदाराने उत्साहाने नंबर प्लेटचे छोटे बल्बही बदलून टाकले. अर्ध्या तासात काम झालं. त्या संध्याकाळी रस्ता पांढरा लख्ख दिसला, कडेच्या बाभळींचे काटेसुद्धा दिसले. मी गाडीत एकटीच हसले.

सकाळी चावी फिरवली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. बल्बचं चित्र, त्यात उद्गारचिन्ह, आणि खाली संदेश: डावा लो बीम तपासा, म्हणजे डावीकडचा पुढचा दिवा. टुंग असा आवाज झाला. मग उजवा लो बीम तपासा. टुंग. मग नंबर प्लेटचा दिवा तपासा. टुंग. मी उतरून बघितलं. सगळे दिवे छान लागलेले होते. गाडी म्हणत होती बल्ब गेलाय.

मी दुकानात गेले. दुकानदाराने खिडकीतून आत डोकावून बघितलं.

"मैडम, लाइट जल रही है ना?"

"जल रही है."

"तो फिर? उधर देखना ही मत. नहीं तो काली टेप चिपका देता हूँ."

"गाडी चूक का सांगतेय, ते मला कळलं पाहिजे," मी म्हटलं, आणि मग हिंदीत पुन्हा सांगितलं, कारण रागात मी मराठीत बोलले होते.

तो हसला. "यह कंप्यूटर का मामला है, मैडम. आप सर को भेज दीजिए, उनको समझा दूँगा."

मी कित्येक वर्षं मुलांना करंट, व्होल्टेज, रेझिस्टन्स शिकवत आले आहे. दुकानात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, तेही हसलं. मी तशीच घरी आले. दुकानातच बोलायला हवं होतं असं पुढे महिनाभर वाटत राहिलं. असलं बोलणं मला नेहमी घरी आल्यावर सुचतं.

त्या रविवारी मी बसून वाचलं, लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघितले, आणि गोष्ट कळली. सोपी होती. गाडीतला कम्प्युटर दिवा बघत नाही, त्याला डोळे कुठे आहेत? तो तारेतून जाणारा करंट मोजतो. जुना बल्ब भरपूर करंट खायचा. एलईडी त्याच्या निम्म्याहून कमी खातो. कम्प्युटरला वाटतं, एवढाच करंट जातोय म्हणजे बल्ब गेला. मग दिव्याच्या जोडीला, समांतर जोडणीत, एक रेझिस्टर लावायचा. तो उरलेला करंट खातो आणि कम्प्युटरचं समाधान होतं. पण रेझिस्टर करंट खातो म्हणजे तापतो. भयंकर तापतो. तो गाडीच्या पत्र्यावर घट्ट आवळून बसवावा लागतो, म्हणजे ती उष्णता पत्र्यात जाते. तारेला किंवा प्लास्टिकला टेकू द्यायचा नाही.

हे सगळं मी नवऱ्याला जेवताना सांगायला लागले. त्याने हात वर केला. "तू नको डोकं लावू. मी बघतो."

तो गाडी त्याच दुकानात घेऊन गेला आणि तासाभरात आला. डॅशबोर्डवर नंबर प्लेटचा एक संदेश तेवढा उरला होता.

"झालं. पाच मिनिटांचं काम होतं. कॅन्सलर म्हणून काहीतरी असतं, त्याने लावून दिलं. तू उगाच आठवडाभर झंझट केलंस."

"पत्र्याला आवळलेत का ते?"

"त्याचं रोजचं काम आहे ते. त्याला माहीत नसेल?"

बॉनेट उघडून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. अगदी खरं सांगायचं तर, तो जे करून आला त्यात चूक काढायला जाऊ नये, एवढं मी लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिकले होते.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना गाडीत जळका वास यायला लागला. आधी वाटलं बाहेर कोणी कचरा जाळतंय. वास वाढत गेला तशी मी एका ढाब्यासमोर गाडी थांबवली, दिवे बंद केले आणि बॉनेट उघडलं. दोन्ही रेझिस्टर, म्हणजे त्याचे ते कॅन्सलर, बोटाएवढे सोनेरी धातूचे तुकडे, प्लास्टिकच्या पट्टीने तारांच्या जुडग्यालाच बांधलेले होते. डावीकडची पट्टी वितळून गेली होती आणि तो तुकडा हेडलाइटच्या मागच्या झाकणावर टेकला होता. झाकणाला भोक पडलं होतं. तारेवरचं आवरण चिकट झालं होतं. मी बावळटासारखं बोट लावलं. कातडी तिथेच चिकटली.

ढाबेवाल्याने पाणी दिलं. बोट पाण्यात धरून मी दुसऱ्या हाताने नवऱ्याला फोन लावला.

तो म्हणाला, "तू काही छेडलंस का तिथे?"

मी म्हटलं, "काय?"

"नाही, तू ते व्हिडिओ बघत होतीस ना. तूच काहीतरी हलवलं असशील. काल तर व्यवस्थित होतं."

गाडी जळली असती, असं मी म्हटलं. मी आत होते, असंही म्हटलं. तो म्हणाला की तो मीटिंगमध्ये आहे.

मी रेझिस्टरच्या तारा सोडवल्या, ढाबेवाल्याकडून चिकटपट्टी घेऊन उघड्या टोकांना गुंडाळली आणि डाव्या-उजव्या टुंग टुंग ऐकत घरी आले. त्याने बोट बघितलं, बर्नॉल आणून दिलं. ते आणलं हे नाकारणार नाही. पण त्या फोनवरच्या वाक्याबद्दल तो तेव्हा काही बोलला नाही आणि आजपर्यंत बोललेला नाही.

शाळेतल्या शिपाईकाकांनी मला एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान सांगितलं. नानाखेड्याच्या बस स्टँडमागे पत्र्याची टपरी होती. साठीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, खिशात टेस्टर. मी सवयीने आधीच म्हणून टाकलं, "सर बाहर गए हैं, इसलिए मैं आई."

"गाड़ी कौन चलाता है?" त्याने विचारलं.

"मैं."

"तो आप ही बताइए, क्या दिक्कत है."

मी सांगायला लागले आणि तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही तोडलं नाही. वितळलेलं झाकण बघून त्याने फक्त मान हलवली. मग मला मीटर हातात दिला आणि म्हणाला, बघा किती करंट जातोय. मी बघितला. वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा लिहिलेलं गणित पहिल्यांदा एका खऱ्या तारेत बघत होते.

तीन रविवार गेले त्यात. पहिल्या रविवारी आम्ही जळालेली तार बदलली आणि झाकणाची सोय केली. दुसऱ्या रविवारी त्याने दोन्ही बाजूंना आतल्या पत्र्यावर साफ मोकळी जागा शोधली, रंग घासून काढला आणि रेझिस्टर स्क्रूने आवळून बसवले. स्क्रू मी आवळले. तो म्हणाला, "और कसो. हिलना नहीं चाहिए." दिवे अर्धा तास चालू ठेवून आम्ही चहा प्यालो. मग त्याने रेझिस्टरच्या बाजूच्या तारेला हात लावला. गार होती.

नंबर प्लेटच्या दिव्यांची तक्रार मात्र जाईना. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, तिथेही रेझिस्टर लावूया का? त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"वहाँ एलईडी का काम क्या है, मैडम? नंबर पढ़ना है, पढ़ा जाता है. पुराना बल्ब लगा दो."

जुने बल्ब लावले, तक्रार गेली. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मग त्याने गाडी समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि हेडलाइटचा झोत खाली घेतला. एवढा पांढरा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात घातलात तर तुम्हाला रस्ता दिसेल, त्याला नाही, असं म्हणाला. हेही त्या दुकानदाराने केलं नव्हतं.

मी शेवटी विचारलं की कम्प्युटरमधून ही तपासणीच बंद करता येते असं ऐकलंय, मग एवढा खटाटोप कशाला केला.

"हो जाती है बंद," तो म्हणाला. "पर फिर जिस दिन सच में बल्ब जाएगा, गाड़ी चुप बैठी रहेगी."

त्या दिवशी मी सरळ घरी गेले नाही. भैरवगढला गेले, तिथल्या ठशाच्या छपाईची एक चादर घ्यायची होती तेवढं निमित्त. वापस येताना अंधारून आलं होतं, दिवे लावले. डॅशबोर्डवर काही नव्हतं. वेग, पेट्रोल, वेळ, बस. आयुष्यात फार कमी गोष्टी मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः नीट केल्या आहेत, ही त्यातली एक होती.

हे सुख तेरा दिवस टिकलं.

चौदाव्या दिवशी, रविवारी, माझा धाकटा दीर इंदूरहून जेवायला आला, जाऊ आली नव्हती. त्याला नवी नोकरी लागली होती, फिरतीची. जेवण अर्ध्यावर आलं असताना सासूबाई म्हणाल्या, "याला गाडी लागणार आता." आणि नवरा म्हणाला, "आपली घेऊन जा ना. मी तुला फोनवर म्हटलंच होतं."

म्हणजे फोनवर आधीच ठरलं होतं. मी पोळ्या वाढत होते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कोणती गाडी?" मी विचारलं.

"आपल्याकडे किती आहेत?" नवरा हसून म्हणाला. "तू तर आधीही बसने जातच होतीस. आता शाळेला सुट्ट्याच लागतील."

दीर वाईट माणूस नाही. तो जरा अवघडला. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "दादा, त्या गाडीत लाईटचा काही प्रॉब्लेम होता ना? वॉर्निंग यायची?"

"तो मी सोडवला," नवरा म्हणाला. "एलईडीमुळे होत होतं. रेझिस्टर लावून घेतले. आता काही नाही."

माझ्या हातात पोळ्यांचा डबा होता. बोटावरचा डाग अजून गुलाबी होता.

"कुठे लावलेत?" मी विचारलं.

"काय?"

"रेझिस्टर. कुठे लावलेत? सांगा ना भाऊजींना."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माहीत नव्हतं, आणि त्याला माहीत नाही हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. क्षणभर मला बरं वाटलं. मग त्याचा चेहरा बदलला तो मी बघितला, आणि ते बरं वाटणं मला महागात पडणार हेही कळलं.

"मी गाडी देणार नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत सासूबाईंसमोर असं काही मी पहिल्यांदाच म्हणत होते. "गाडी मी चालवते. मला लागते."

नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला. आवाज अजिबात चढवला नाही.

"आत कपाटात कागद आहेत," तो म्हणाला. "बघून ये कोणाच्या नावावर आहे ते."

 सासूबाईंनी दिराच्या ताटात भात वाढला आणि मला म्हणाल्या, "जाऊ दे गं. घरातल्या घरातच तर चाललीय."

मी आत गेले. कागद बघायला नाही, माझ्या वस्तू गाडीतून काढायला चावी घ्यायला. छत्री, खडूचा डबा, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. दीर माझ्यामागे खाली आला. "वहिनी, तुम्हाला नको असेल तर मी नाही नेत," तो म्हणाला. पण चावीसाठी त्याचा हात आधीच पुढे झालेला होता. कदाचित नकळत झाला असेल. मी बॉनेट उघडून त्याला दाखवलं, हे इथे आहेत, तापतात, सर्व्हिसिंगला देताना सांगा, कोणी काढू नये. तो हो हो म्हणाला. ऐकत नव्हता.

सुट्ट्या संपल्या आणि मी पुन्हा देवास गेटवर उभी राहायला लागले. पायी चालण्याचं मला दुःख नव्हतं, वेळेचंही नाही. बस ढाब्यावरून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचे, एवढंच. नवरा आणि मी बोलत होतो. सिलिंडर, दूध, आईंच्या गोळ्या. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर ते कधीतरी संपलं असतं.

पावसाळ्याच्या शेवटी दिराचा फोन आला. वॉर्निंग पुन्हा यायला लागली होती. कुठल्यातरी गॅरेजवाल्याने बंपर काढताना डावा रेझिस्टर सोडला होता आणि तसाच लोंबकळत ठेवला होता.

"दादाला विचारा," मी म्हटलं.

तो ओशाळून हसला. "विचारलं. दादा म्हणाला, वहिनीला विचार, तिलाच सगळं माहितीय. तिनेच केलंय ते काम."

 मला फोन ठेवून द्यावासा वाटला. पण लोंबकळता रेझिस्टर काय करतो ते मी बघितलं होतं, आणि त्या गाडीत आता त्याची बायको बसत होती. मी त्याला सगळं सांगितलं. कुठे घासायचं, कुठे आवळायचं, तार कशी दूर ठेवायची. अर्धा तास सांगत होते. त्याने लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर स्वतःचाच इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी विचारलं, "भाऊजींना तुम्ही म्हणालात की ते काम मी केलं?"

"हो. मग खोटं आहे का?"

"मग त्या दिवशी जेवताना का नाही म्हणालात?"

त्याने बूट काढले, मोजे बुटात कोंबले. "त्या दिवशी तो विषयच कुठे होता?" तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. ते बघून मला जे वाटलं त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. पण त्यानंतर मी त्याला काही विचारायचं सोडून दिलं.

त्या इलेक्ट्रिशियनकडे एकदा जावं, झालेलं सांगावं, असं मनात होतं. गेले तेव्हा सिंहस्थाच्या कामासाठी तो रस्ता रुंद करायला घेतला होता आणि टपऱ्यांची पूर्ण रांग उचललेली होती. शेजारच्या चहावाल्यालाही माहीत नव्हतं तो कुठे गेला.

मी शहरातल्या शाळेत बदलीसाठी अर्ज केला. घरात कोणाला सांगितलं नाही. अपेक्षा नव्हती, पण या वर्षी बदली झाली. नवी शाळा घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. ऑर्डर मी टेबलावर ठेवली. नवऱ्याने ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मनापासून खूश होऊन म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? तुला गाडीची गरजच नव्हती."